शाई, हवा आणि सूक्ष्म छिद्रे: रिफिल व्यवसायाचा आणि बंद पडणाऱ्या हेडचा इतिहास

लेखनाच्या आणि छपाईच्या बहुतेक साधनांत शाई हा बाहेरून आणून भरायचा आणि संपला की पुन्हा भरायचा जिन्नस मानला गेला. बोरू आणि टाक दौतीत बुडवले जात, फाउंटन पेनमध्ये ड्रॉपरने शाई सोडली जाई, आणि दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या व पुढे कॅम्लिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या उद्योगाचा आरंभही पाण्यात कालवायच्या शाईच्या पुडीने आणि वडीने झाला. अशा शाईत थोडा गाळ राहिला तरी निब फडक्याने पुसली की काम पुढे चाले. कचेऱ्यांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, म्हणजे बारीक तारा शाईच्या फितीवर आपटून अक्षर उमटवणारी यंत्रे आली, तेव्हाही फिकी पडलेली फीत पुन्हा शाईत भिजवून किंवा जुन्या डबीत नवी फीत भरून वापरण्याचा धंदा उभा राहिला. भरून वापरण्याची ही जुनी सवय इंकजेट प्रिंटरपाशी येऊन अडली, कारण शाईचा दाटपणा, पृष्ठताण, तिच्यात विरघळलेली हवा आणि तिच्यावरचा दाब यांच्या आधारावरच हे यंत्र चालते, आणि त्यामुळे शाई हा यंत्राचाच एक भाग ठरतो. रिकामी कार्ट्रिज पुन्हा भरून देण्याचा जो धंदा रिफिल या नावाने ओळखला जातो, त्याचा साडेतीन दशकांचा इतिहास हा ही एकच गोष्ट हळूहळू उमगत गेल्याचा इतिहास आहे, आणि ती उमगली ती बहुतांशी बंद पडलेल्या हेडांमधून.

हेड म्हणजे मुद्रणशीर्ष, शाईचे थेंब कागदावर फेकणारा भाग. त्यामागचे शास्त्र यंत्राहून बरेच जुने आहे. बारीक भोकातून निघालेली पाण्याची धार काही अंतरावर आपोआप तुटून तिचे थेंब होतात, याचे निरीक्षण फ्रान्समधील फेलिक्स सावार्त यांनी १८३३ साली नोंदवले, बेल्जियमचे जोझेफ प्लॅतो यांनी त्याचा संबंध पृष्ठताणाशी जोडला आणि इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांनी १८७८ साली त्याचे गणित मांडले. या ज्ञानाचा नोंदयंत्रासाठी उपयोग स्वीडनमधील रुने एल्मक्विस्ट यांनी केला. शरीरात बसवता येणारा पहिला पेसमेकर ज्यांनी तयार केला तेच हे एल्मक्विस्ट. १९५१ साली त्यांना पेटंट मिळालेल्या यंत्रात काचेच्या अतिशय बारीक नळीतून शाईची धार सुटे आणि हृदयाच्या विद्युत्‌स्पंदनांचा आलेख कागदावर उमटे. १९६०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी धारेतील थेंबांना विद्युत्‌भार देऊन त्यांची दिशा बदलण्याची रीत विकसित केली. या सर्व यंत्रांत शाई अखंड वाहत असे. घरात आणि कचेरीत वापरता येईल असे यंत्र तयार होण्यासाठी मात्र हवा तेव्हाच आणि हवा तेवढाच थेंब सोडणारे हेड आवश्यक होते, आणि ते दोन वेगवेगळ्या वाटांनी घडले.

पहिली वाट उष्णतेची. जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली इचिरो एंडो यांच्यासमोर तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उसळली, असे त्या शोधाविषयी सांगितले जाते. याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकर्डमध्ये (एचपी) जॉन व्हॉट आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे त्याच तत्त्वापर्यंत पोहोचले. १९८४ साली आलेल्या त्या कंपनीच्या थिंकजेट प्रिंटरच्या हेडला अवघी १२ छिद्रे होती, आणि १९८८च्या डेस्कजेटने हे तंत्र सामान्य ग्राहकाच्या टेबलावर आणले. या हेडमध्ये प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. विजेचा काही मायक्रोसेकंदांचा झटका मिळताच त्याचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वर तापतो, त्याला लगटलेल्या शाईच्या पातळ थराची वाफ होते आणि तो बुडबुडा फुगताना समोरचा थेंब बाहेर लोटतो. बुडबुडा मावळला की मागून नवी शाई येते, आणि याच शाईमुळे तापक थंड राहतो. शाई संपल्यावरही छपाई चालू ठेवली, तर आधणाविना चुलीवर राहिलेल्या पातेल्यासारखा तो तापक करपतो आणि ते छिद्र कायमचे मुके होते. शाईतील घटक तापकावर करपून थर साचणे या बिघाडाला तंत्रज्ञांनी दिलेले नाव जपानी भाषेतील करपण्याच्या शब्दावरून बनले आहे. मराठी घरात त्यासाठी खरवड हा शब्द तयारच आहे, कारण भाताच्या तळाशी जे घडते तेच येथे मायक्रॉनच्या मापात घडते.

दुसरी वाट दाबाची. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले होते. याच गुणाच्या उलट बाजूचा, म्हणजे वीज दिल्यावर आकार बदलणाऱ्या पिझो पदार्थाचा, उपयोग करून एप्सन कंपनीने आपले हेड घडवले आणि १९९३च्या स्टायलस ८०० या प्रिंटरपासून ते मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. येथे शाई तापत नाही. शाईच्या कोठडीची भिंत किंचित आत दबते आणि थेंब बाहेर पडतो. त्यामुळे खरवडीचा प्रश्न येत नाही, परंतु दुसरा तितकाच कठीण प्रश्न उभा राहतो. द्रव दाबला तर तो दाब पुढे पोहोचवतो, हवा मात्र स्वतःच दबते. कोठडीत हवेचा लहानसा बुडबुडा शिरला तरी भिंतीचा सगळा जोर तो बुडबुडाच गिळतो, छिद्र स्वच्छ असूनही थेंब पडत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की हेड चोक झाले.

दोन्ही प्रकारांत हेडचे आरोग्य एका नाजूक तोलावर अवलंबून असते. छिद्राचा व्यास साधारणपणे २० ते ३० मायक्रॉन असतो, तर माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी शाईचा पृष्ठभाग किंचित आत वळलेला राहावा लागतो. तो बाहेर फुगला तर शाई ठिबकते आणि फार आत ओढला गेला तर हवा शिरते. म्हणून शाईच्या साठ्यात बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी, म्हणजे काही सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका उणा दाब ठेवावा लागतो, आणि कार्ट्रिजमधील स्पंज, पिशवी किंवा झडप यांचे काम मुख्यतः हा उणा दाब राखण्याचे असते. वापरणाऱ्याला कार्ट्रिज ही शाईची कुपी वाटली, तरी तिच्या रचनाकारांच्या दृष्टीने ती दाबाचे नियमन करणारे उपकरण होती, आणि रिफिल व्यवसायाच्या सुरुवातीच्या बहुतेक चुका या दोन समजुतींमधल्या अंतरातून घडल्या.

हा व्यवसाय उभा राहिला तो किमतीच्या विषमतेमुळे. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि कमाई कार्ट्रिजवर करायची या व्यापारनीतीमुळे दोन-तीन कार्ट्रिजच्या पैशांत नवा प्रिंटर येईल अशी स्थिती अनेक ठिकाणी आली, आणि आत शाई भरण्यापलीकडे काही करावे लागत नाही असे दिसताच सिरिंजने शाई भरणारे लोक सर्वत्र पुढे आले. अमेरिकेत रिपीट-ओ-टाइप स्टेन्सिल मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी ह्यूलेट-पॅकर्डच्या नव्या कार्ट्रिज विकत घेऊन, त्या पुन्हा भरता येतील असा बदल करून विकत असे. त्यावरून झालेल्या पेटंटच्या दाव्यात १९९७ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने हे कृत्य दुरुस्तीच्या जवळचे, म्हणून वैध, असा निर्णय दिला. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा मालकाचा हक्क त्यामुळे कार्ट्रिजपर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रात संगणकाच्या सुट्या भागांची जी दुकाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत आणि लहानमोठ्या शहरांतील झेरॉक्सच्या टपऱ्यांलगत थाटली गेली, त्यांच्या टेबलावर या हस्तकौशल्याला आकार आला. कार्ट्रिजवरचे लेबल उचकटून खालची बारीक भोके उघडी करायची, तीन रंगांच्या कार्ट्रिजमध्ये कोणत्या भोकाखाली कोणता रंग आहे हे टूथपिक बुडवून आधी पाहायचे, सुई स्पंजच्या तळापर्यंत न टोचता मध्यावर थांबवायची, आणि पाच मिलिलिटर शाई सोडायलाही मिनिटभर लावायचे, कारण शाई वेगाने सोडली तर स्पंजमध्ये हवेचे खिसे अडकतात. भरून झाल्यावर कार्ट्रिजचे तोंड ओलसर टिश्यू पेपरवर टेकवले जाई, आणि कागदावर तिन्ही रंगांचे वेगळे पट्टे उमटले तरच ती गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाई. पट्टे एकमेकांत मिसळले तर शाई जास्त झाली, एखादा पट्टा तुटक आला तर हवा अडकली आणि पट्टा भरपूर उमटूनही प्रिंटरमध्ये तो रंग आला नाही तर तापक जळला, हे निदान पुस्तकात वाचून आलेले नव्हते; शेकडो कार्ट्रिज हाताखालून गेल्यावर ते बोटांत उतरले होते. या पहिल्या पर्वात हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असल्यामुळे बिघाडाची किंमत मर्यादित होती, कारण हेड गेले तरी कार्ट्रिजच फेकावी लागे.

एप्सनच्या पद्धतीच्या प्रिंटरमध्ये हेड यंत्रातच कायम बसवलेले असल्याने हा हिशेब पालटला. कार्ट्रिजवर शाईची मोजदाद ठेवणाऱ्या चिप आल्या आणि त्या चिप रिसेट करणारी उपकरणेही पाठोपाठ आली. त्यातूनच सीआयएसएस या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी अखंड शाईपुरवठ्याची जोडणी रूढ झाली. प्रिंटरशेजारी ठेवलेल्या बाटल्यांसारख्या टाक्यांतून लवचीक नळ्यांवाटे शाई थेट हेडपर्यंत नेणाऱ्या या जोडणीने फोटो स्टुडिओंचे अर्थकारणच बदलले, आणि सहा रंगांच्या फोटो प्रिंटरवर पासपोर्ट फोटोंपासून लग्नाच्या छायाचित्रांपर्यंत कामे निघू लागली. परंतु स्पंज आणि झडप करत असलेले दाबाचे नियमन आता टाकीच्या उंचीवर आले. टाकी हेडपेक्षा उंच फळीवर ठेवली की वक्रनळीच्या न्यायाने शाई रात्रभर ठिबकून सकाळी प्रिंटरच्या तळाशी थारोळे दिसे, आणि टाकी फार खाली ठेवली की शाई मागे ओढली जाऊन नळीत हवेच्या फोडी दिसत. टाकीचे हवेचे भोक बुचाने बंद राहिले तर पहिली काही पाने उत्तम येत आणि मग रंग उतरत उतरत नाहीसा होई, कारण आत निर्वात वाढत जाऊन शाई अडे. हेड बिघडले म्हणून दुरुस्तीला आणलेल्या अनेक प्रिंटरांत दोष या एका बुचाचा असे.

अशा अनुभवांतून निदानाची एक शिस्त घडली आणि तिचा पाया नोझल चेक हा झाला. नोझल चेक म्हणजे प्रत्येक छिद्राला एकेक छोटी रेघ आखायला लावणारा चाचणीचा नमुना. तो कागद वाचणारा जाणकार गहाळ रेघांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागेकडे पाहतो. हेड क्लीनिंगच्या, म्हणजे यंत्राने हेडमधून शाई ओढून केलेल्या सफाईच्या, प्रत्येक फेरीनंतर गहाळ रेघा जागा बदलत असतील तर आत हवा फिरते आहे, आणि अशा वेळी क्लीनिंगच्या फेऱ्या वाढवण्यापेक्षा यंत्राला काही तास किंवा रात्रभर विश्रांती दिलेली बरी, कारण बारीक बुडबुडे शाईत हळूहळू विरघळतात. त्याच त्या रेघा दर वेळी गहाळ असतील तर तेथे शाई वाळली आहे किंवा त्या छिद्रामागचा विद्युत्‌भाग गेला आहे. एक रंग संपूर्ण गहाळ असेल तर दोष बहुधा हेडच्या आधीच्या वाटेवर, म्हणजे टाकी, नळी किंवा डँपर नावाच्या छोट्या गाळणीयुक्त कप्प्यात असतो. आणि पिवळ्या रेघांत काळपट छटा दिसली तर हेडखालच्या टोपीत, म्हणजे काम नसताना हेडचे तोंड झाकून ठेवणाऱ्या रबरी कप्प्यात, शाई साचून ती उलट आत शिरते आहे. रोगाच्या नावाआधी रोगाची जागा शोधणारी ही पद्धत वैद्यकातील नाडीपरीक्षेइतकीच सरावाची आहे.

शाईच्या टाकीच्या सूक्ष्म अंतर्रचनेवरच जपानमध्ये एक महत्त्वाचा खटला उभा राहिला. कॅननच्या एका शाईच्या टाकीत दोन स्पंज एकमेकांना घट्ट दाबून बसवलेले होते, आणि त्यांच्या सांध्यावर शाई भरलेली राहून हवेची वाट अडावी व गळती टळावी अशी योजना होती. वापरानंतर त्या सांध्यावर शाई वाळून हा गुण नष्ट होई. रिसायकल असिस्ट ही कंपनी जपानबाहेर धुऊन पुन्हा भरलेल्या अशा टाक्या जपानमध्ये विकत असे. धुण्याने आणि भरण्याने शोधाचा गाभाच पुन्हा निर्माण होतो, म्हणून हे पेटंटचे उल्लंघन आहे, असा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २००७ रोजी दिला. अमेरिकेतील निर्णयाने वस्तूच्या मालकाकडे पाहिले आणि जपानमधील निर्णयाने वस्तूच्या अंतर्रचनेकडे. दोहोंत दहा वर्षांचे अंतर आहे, आणि त्या दहा वर्षांत शाईची टाकी ही साधी कुपी नाही हे न्यायालयाच्या भाषेतही आले होते. त्या निर्णयाचा लाभ मूळ उत्पादकाला झाला, तरी भरणाऱ्याच्या कौशल्याची अप्रत्यक्ष साक्षही त्यातच आहे, कारण नीट भरलेली टाकी मूळ टाकीइतकीच काम करते हे गृहीत धरल्याशिवाय तो निर्णय उभाच राहत नाही.

बिघाडाचा सर्वात मोठा भाग मात्र शाईच्या रसायनाशी निगडित आहे. इंकजेटची शाई मुख्यतः पाण्याची असते. तिच्यात रंगाबरोबर ग्लिसरॉलसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ, पृष्ठताण ठरवणारे पदार्थ आणि बुरशीनाशक असते. डाय प्रकारच्या शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, तर पिगमेंट प्रकारच्या शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. ते कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून केलेली योजना परक्या शाईच्या मिश्रणाने बिघडली, की दूध नासावे तशी शाई फुटते आणि तिचा चिकट गोळा हेडच्या गाळणीत अडकतो. जुन्या शाईवर दुसऱ्या उत्पादकाची शाई ओतण्याची सवय यामुळेच घातक ठरली, आणि रंग जुळला म्हणजे शाई जुळली हा फाउंटन पेनच्या काळातला समज येथे महागात पडला.

महाराष्ट्रात याला विजेच्या प्रश्नाची जोड मिळाली. भारनियमनाच्या वर्षांत छपाई चालू असताना वीज गेली की हेड टोपीवर परत न जाता मधल्या वाटेवर उघडे राही, आणि मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात छिद्रांच्या तोंडावरची शाई पाहता पाहता वाळे. प्रिंटरवरचे बटण न दाबता भिंतीवरचा स्विच बंद करण्याच्या सवयीनेही हेच घडे, कारण बंद होण्याआधी हेड टोपीखाली नीट नेऊन बसवण्याचे काम यंत्र आपले बटण दाबल्यावरच करते. उलट पावसाळ्यात कोकणात कागद दमट होऊन फुगे आणि त्याची कड हेडला घासे. शाईला दोष देऊन मोकळे होण्याआधी जाणकार दुरुस्तीवाला गिऱ्हाइकाला प्रिंटर कसा बंद करता असे विचारतो, ते यासाठीच.

उपचारांचा इतिहासही चुकांमधूनच घडला. सुरुवातीला बंद हेडमध्ये सिरिंजने जोराने पाणी सोडले जाई, आणि त्या दाबाने आतले पातळ पडदे सुटून वाचले असते असे हेडही निकामी होई. तीव्र द्रावकांनी शाईबरोबर हेडचे जोड चिकटवणारा पदार्थही सैल होतो, हेही हेडे गमावूनच कळले. त्यानंतर सौम्य रीत रूढ झाली. टोपीत कोमट ऊर्ध्वपातित पाण्याचे किंवा क्लीनिंगच्या द्रावणाचे काही थेंब सोडून हेड त्यावर रात्रभर बसवायचे, म्हणजे वाळलेली शाई स्वतःच भिजून सुटते. वारंवार केलेल्या हेड क्लीनिंगचा आणखी एक परिणाम उशिरा ध्यानात आला. प्रत्येक फेरीत ओढलेली शाई यंत्राच्या तळातील शोषक पॅडमध्ये जाते, तिची मोजदाद यंत्र ठेवते, आणि मर्यादा भरली की दिवे लुकलुकून छपाई थांबते. सॉफ्टवेअरने ती मोजदाद शून्यावर आणणे म्हणजे रिसेट मारणे, ही दुकानांतील नेहमीची सेवा झाली. पॅड न बदलता केलेला रिसेट मात्र तुंबलेल्या गटारावर झाकण ठेवण्यासारखा आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात एल १०० आणि एल २०० हे मूळचीच टाकी असलेले प्रिंटर आणले आणि पुढे ही मालिका भारतातही आली. टाक्यांची बाहेरून केलेली जोडणी ज्या बाजारांत सर्वत्र दिसत होती, तेथेच कंपनीने ती कल्पना स्वतःच्या यंत्रात घेतली. २०१५-१६च्या सुमारास कॅनन आणि एचपी यांनीही त्याच वाटेने आपली टाकीची यंत्रे आणली, आणि उष्णतेवर चालणाऱ्या त्यांच्या यंत्रांत हेड बदलता येण्याची सोय राहिली. टाकीची उंची कारखान्यातच ठरली, हवेच्या वाटेवर गाळणी आली आणि काही मॉडेलांत बाटलीचे तोंड असे घडवले गेले की चुकीचा रंग चुकीच्या टाकीत पडूच नये. रिफिलच्या टेबलावर ज्या ज्या ठिकाणी चूक होत असे, त्या त्या ठिकाणी या यंत्रांत एक सुधारणा दिसते. त्या चुकांची यादी दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी आपल्या खर्चाने तयार केली होती, ही नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात व्हायला हवी.

टाकीच्या यंत्रातही हेड बंद पडते. महिनाभर न वापरलेला प्रिंटर, टाकीचा तळ दिसेपर्यंत चालवलेली छपाई आणि स्वस्त म्हणून ओतलेली अनोळखी शाई ही कारणे तीच राहिली आहेत. हेडचे आयुष्य वाढवणाऱ्या सवयीही साध्या आहेत: आठवड्यातून एकदा सर्व रंगांचे एक पान छापणे, शाई खालच्या रेघेवर येण्याआधी भरणे, एका यंत्रात एकच शाई वापरणे आणि यंत्र त्याच्या बटणानेच बंद करणे. टाकाच्या काळात दौत कोरडी पडली तर दौतीत पाणी घालून भागत असे, कारण टाक आणि दौत या दोन वेगळ्या वस्तू होत्या. इंकजेटमध्ये दौत आणि टाक एक झाले, आणि म्हणून शाई भरणारा हात हा यंत्र दुरुस्त करणाऱ्याचाच हात झाला. त्या हाताला लागलेल्या रंगाच्या डागांत या व्यवसायाचे सारे शास्त्र साठलेले आहे.